नियतकालिक म्हणजे सगळंच जर्नल नव्हे

पीएचडीचं रजिस्ट्रेशन झालं की गाईड हमखास सांगतात, ‘आधी नियतकालिकं चाळा.’ आता ग्रंथालयाच्या नियतकालिक विभागात दैनिकांपासून वार्षिकांपर्यंत सगळं असतं. ऑनलाइन शोधलं तर बातमी, मतलेख आणि संशोधन लेख एकाखाली एक येतात. यातलं काय कशासाठी वापरायचं, हे आज बघूया.

ठरावीक मुदतीने, एकाच नावाने, खंड आणि अंक क्रमांक घालून निघतं ते नियतकालिक. आपण त्याचे प्रकार मुदतीवरून पाडतो: दैनिक, साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, त्रैमासिक. अंक शोधायला आणि संदर्भ लिहायला हे उपयोगी आहे, पण त्यावरून दर्जा कळत नाही. ‘दर्पण’ 1832 मध्ये पाक्षिक म्हणून सुरू झालं आणि त्याच वर्षी साप्ताहिक झालं. ‘नेचर’ हे 1869 पासूनचं विज्ञानातलं नावाजलेलं जर्नल साप्ताहिकच आहे. उलट, एखादं त्रैमासिक निव्वळ कथा-कवितांचंही असू शकतं.

म्हणून मुदतीऐवजी दोन प्रश्न विचारा. हे कोणासाठी लिहिलंय? आणि छापण्याआधी ते कोणी तपासलंय?

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा विषय आहे 1972 चा दुष्काळ आणि रोजगार हमी.

वृत्तपत्रं. कोणत्या दिवशी काय घडलं, सरकारने काय जाहीर केलं, मोर्चा कुठे निघाला, हे त्या काळच्या दैनिकांत मिळतं. घटनाक्रम लावायला यासारखं साधन नाही. पण एका तालुक्याच्या बातमीवरून ‘संपूर्ण राज्यात असं होतं’ असं लिहिता येणार नाही.

वैचारिक नियतकालिकं. उदाहरणार्थ, साने गुरुजींनी 1948 मध्ये सुरू केलेलं साप्ताहिक ‘साधना’. इथे त्या काळातले वाद आणि भूमिका सापडतात. लेख संपादक वाचतात, पण त्याला पीअर रिव्ह्यू म्हणत नाहीत. इथलं मत वापरताना ‘अमुक लेखकाच्या मते’ असं लिहायचं.

सरकारी आणि व्यावसायिक नियतकालिकं. ‘लोकराज्य’ किंवा कृषी विभागाचं ‘शेतकरी’ या गटात येतात. योजना काय होती आणि ती लोकांना कशी सांगितली गेली, हे यातून कळतं. ती यशस्वी झाली का, याचा पुरावा मात्र दुसरीकडे शोधावा लागतो.

संशोधन पत्रिका, म्हणजे जर्नल. इथे लेख छापण्याआधी त्या विषयातले जाणकार तो तपासतात. पद्धत बरोबर आहे का, निष्कर्ष पुराव्यावर टिकतो का, हे बघतात. हाच पीअर रिव्ह्यू. पण जर्नलमधलं सगळंच असं तपासलेलं नसतं. संपादकीय, पुस्तक परीक्षण, टिपणं यांना बहुतेकदा ही चाळणी लागत नाही. मुंबईहून 1966 पासून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये भाष्य आणि दीर्घ संशोधन लेख एकाच अंकात असतात. संदर्भ देण्याआधी लेख कोणत्या सदरातला आहे ते बघा.

आता गंमत बघा. याच साप्ताहिकात 1973 मध्ये वुल्फ लाडेजिन्स्की यांचा महाराष्ट्रातल्या दुष्काळावर लेख आला होता. दुष्काळाची कारणं शोधताना तो दुय्यम साधन. पण ‘तेव्हाचे तज्ज्ञ दुष्काळाकडे कसे बघत होते?’ असा प्रश्न असेल, तर तोच लेख प्राथमिक साधन होतो. म्हणजे साधनाची जागा तुमचा प्रश्न ठरवतो.

आता सगळ्यात जास्त फसवणूक होते ती गोष्ट. ‘आमच्या जर्नलला आयएसएसएन आहे’ असं सांगणारे मेल तुम्हालाही येत असतील. आयएसएसएन हा नियतकालिक ओळखण्याचा आठ अंकी क्रमांक आहे. तो पाककृतींच्या मासिकालाही मिळतो. तो दर्जाचा शिक्का नाही. तसंच, फी घेतली म्हणून जर्नल बोगस ठरत नाही. चांगली ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सही फी घेतात. संशय घ्यायचा तो चार दिवसांत स्वीकृतीची हमी, शेती ते संगणक सगळे विषय एकाच अंकात आणि संपादक मंडळावरच्या लोकांचा कुठेच पत्ता नाही, अशा वेळी.

आधी निदान यूजीसी-केअरची यादी होती. 2019 मध्ये आलेली ती यादी 2025 मध्ये आयोगाने बंद केली. आता पारख विद्यापीठाने, गाईडने आणि आपणच करायची. त्यामुळे लेख पाठवण्याआधी त्या जर्नलचे मागचे दोन-तीन अंक खरंच वाचा. तुमच्या विषयातले ज्यांचं काम तुम्ही वाचता ते लोक तिथे लिहितात का, बघा. चुकीच्या ठिकाणी छापलेला लेख पुन्हा चांगल्या जर्नलला देता येत नाही. पैसे जातात ते वेगळेच, पण दोन वर्षांचं फील्डवर्कही वाया जातं.

एक सोपी सवय लावून घ्या. संदर्भ टिपताना नाव, खंड, अंक, पान यांच्या पुढे आणखी एक रकाना ठेवा: ‘माझं कोणतं विधान यावर उभं आहे?’ तो रकाना भरता आला नाही, तर तो संदर्भ प्रबंधात नुसती जागा अडवतोय असं समजा.