हिरड्यांचा इलाज आणि त्यापुढील बंदोबस्त

हिरडीतून रक्त आले की पुष्कळजण त्या जागी ब्रश लावणेच बंद करतात, आणि वेदना होत नसल्यामुळे दंतवैद्याकडे जाणे वर्षानुवर्षे लांबणीवर पडते. वास्तविक ते रक्त म्हणजे दाताच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या चिकट थराविरुद्ध शरीराने चालविलेल्या प्रतिकाराचे लक्षण होय. म्हणून जी जागा रक्ताळते तीच हलक्या हाताने, परंतु अधिक कसोशीने स्वच्छ करावयाची असते. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे सर्वस्वी थांबवावयास लावले, तेव्हा १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्यांना दाह झाला, आणि स्वच्छता पुन्हा सुरू होताच तो अल्पावधीत शमला.

दाह खोल उतरून दाताभोवतीचे हाड झिजू लागले, म्हणजे लोक ज्याला पायोरिया म्हणतात ती अवस्था आली, की मात्र असे पूर्ववत होणे दुर्मीळ. खुणा केलेल्या बोथट सळईने दात व हिरडी यांमधील खोली मोजतात. ती ३ मिलिमीटरपर्यंत असल्यास सहसा चिंता नसते. अधिक खोल जागी हिरडी बधिर करून मुळावरचे कीटण खरवडून काढावे लागते. त्यानंतर दातांत फटी दिसतात, थंड पाणी झोंबते, आणि ‘साफ केल्याने दात सैल होतात’ ही जुनी तक्रार घरोघर ऐकू येते. या गैरसमजाने किती दात अकाली गमावले गेले असतील! त्या फटी उपचाराने पाडलेल्या नसतात. रोगाने आधीच गिळंकृत केलेली जागा सूज ओसरल्यावर उघडी पडते, एवढेच.

काही आठवड्यांनी पुन्हा मोजणी होते, आणि खोली कायम राहिली तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. पण माझ्या मते खरा इलाज येथून पुढे, रुग्णाच्याच हाती असतो. रात्री निजण्यापूर्वी ब्रशाचे केस हिरडीच्या कडेशी तिरके धरून घासावे, फटींतून बारीक ब्रश फिरवावा, मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवावी, आणि मशेरी तर कायमची सोडावी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये, कारण धूम्रपानाने रक्तस्राव कमी होतो आणि रोग आत बेमालूम वाढत राहतो. खोल खाचांत जंतूंची वस्ती पुन्हा जमते, यास्तव ज्यांचे हाड एकदा झिजले आहे त्यांनी प्रारंभी तरी दर तीन महिन्यांनी, काही त्रास नसतानाही, तपासणीस जावे.