हलसूरच्या पाटीवरची सिंगसभा

बेंगळुरूच्या हलसूर तलावाकाठी पांढऱ्या घुमटांचा जो गुरुद्वारा आहे, त्याच्या ‘श्री गुरु सिंग सभा’ या नावात शीख धर्मातील एका सुधारणा चळवळीची खूण उरली आहे. अमृतसरच्या मिशन शाळेतील चार शीख विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती होण्याचा मनोदय जाहीर केल्याने शीख समाजात खळबळ उडाली आणि १ ऑक्टोबर १८७३ रोजी तेथे पहिली सिंगसभा स्थापन झाली. त्याआधी जेमतेम आठवडाभर पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापला होता. दोहोंचा एकमेकांशी संबंध नव्हता, आणि फुल्यांचा जातिव्यवस्थेवरचा घाव अमृतसरच्या सरदारमंडळींच्या कितीतरी पुढचा होता. तरी लग्नाच्या मांडवातून भटजीला रजा देण्याचा प्रश्न पुढे दोन्हीकडे ऐरणीवर आला. १८७९ मध्ये निघालेल्या लाहोरच्या सभेत प्राध्यापक गुरमुखसिंग आणि दलित कुटुंबात जन्मलेले ग्यानी दित्तसिंग यांच्यामुळे चळवळीला धार चढली. अग्नीऐवजी गुरु ग्रंथसाहिबाला चार फेरे घालून, प्रत्येक फेऱ्याला ‘लावां’ या रचनेचे एकेक पद म्हणत लावायच्या ‘आनंद कारज’ विवाहाला १९०९ च्या कायद्याने मान्यता मिळाली. पुढे गुरुद्वारे महंतांच्या, म्हणजे वंशपरंपरेने वा गुरुशिष्यपरंपरेने ताबा सांगणाऱ्या व्यवस्थापकांच्या, हातून सोडवण्यासाठी अकाली चळवळ झाली, १९२१ मध्ये ननकानासाहिब येथे रक्त सांडले आणि १९२५ मध्ये गुरुद्वारा कायदा आला.

हा कायदा पंजाबपुरता होता, आणि दक्षिणेतील गोष्ट वेगळी ठरते ती येथे. गुरु गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये जेथे निर्वाण झाले, त्या नांदेडच्या हजूरसाहिब तख्ताचा (तख्त म्हणजे शिखांच्या पाच सर्वोच्च धर्मपीठांपैकी एक) कारभार हैदराबाद राज्याच्या १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने बांधला गेला. अमृतसरहून १९४५ मध्ये मान्य झालेल्या ‘रहित मर्यादा’ या आचारसंहितेने दिव्याधुपाची आरती गुरुमताबाहेरची ठरवली आणि गुरु ग्रंथसाहिबाच्या बरोबरीने दुसऱ्या ग्रंथाची स्थापना निषिद्ध केली. नांदेडला मात्र दिव्यांची आरती चालू राहिली, गुरु गोविंदसिंगांच्या नावे असलेल्या दसम ग्रंथाचाही प्रकाश, म्हणजे विधिपूर्वक उघडून मांडणी, होत राहिला, आणि सिंहासनाच्या सेवेसाठी गोदावरीचे पाणी रोज घागरीने येत राहिले. सुधारकी दृष्टीने पाहणाऱ्याला हे जुने अवशेष वाटतात. पण तेथील सेवेकऱ्यांच्या लेखी हीच गुरूंच्या काळापासूनची मर्यादा, म्हणजे आचारपद्धती, असून बदलला तो पंजाब. त्यांचे म्हणणे पुरते खोडून काढणे अवघड आहे, कारण सिंगसभेने जुन्याची झाडाझडती घेताना शीख असण्याची व्याख्याही नव्याने आखली होती.

बेंगळुरूला अशी जुनी मर्यादा नव्हती. छावणीच्या या शहरात नोकरी-व्यापारासाठी आलेल्या शिखांनी धर्म आणला तो सुधारणेनंतरचा, छापील गुटक्यांतला, म्हणजे प्रार्थनेच्या छोट्या पुस्तिकांतला. त्यांच्यातला भाविक नांदेडला जातो तेव्हा चंदनाचा टिळा लावलेली शस्त्रे पाहून आधी थबकतो आणि मग माथा टेकतो.