आज्ञावलीच्या जटिलतेचे मापन आणि वाचनीयतेसाठी पुनर्रचना : कापूस खरेदीच्या उदाहरणाद्वारे विवेचन

प्रस्तावना :
संगणकाची आज्ञावली एकदा लिहिली जाते, परंतु ती अनेकदा वाचली जाते. नियम व दर बदलले की मूळ लेखकाऐवजी बहुधा दुसऱ्याच व्यक्तीस तिच्यात दुरुस्ती करावी लागते. २००० सालच्या तारीख-समस्येच्या वेळी भारतीय कंपन्यांनी इतरांनी लिहिलेल्या जुन्या आज्ञावली वाचून दुरुस्त करण्याचे मोठे काम केले. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाईन सेंटरमध्येही आज्ञावलींच्या विश्लेषणाच्या साधनांवर संशोधन झाले. यावरून वाचनीयता हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे स्पष्ट होते.

उद्दिष्टे :
१. जटिलता मोजण्याच्या प्रमुख पद्धतींचा परिचय करून देणे.
२. पुनर्रचनेमुळे (रिफॅक्टरिंग) जटिलता कशी कमी होते हे उदाहरणाने स्पष्ट करणे.

मापनाच्या पद्धती :
थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये चक्रीय जटिलता (सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी) ही संकल्पना मांडली. आज्ञावलीतील प्रवाहाचा आलेख काढून त्यातील कडांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करावी व २ मिळवावेत, असे तिचे सूत्र आहे. व्यवहारात एका फंक्शनमधील द्विपर्यायी निर्णयांची संख्या अधिक १ एवढे मोजले तरी पुरते. ही संख्या स्वतंत्र मार्गांची, म्हणजेच चाचणीच्या श्रमाची निदर्शक असते. मॅकेब यांनी १० ही व्यवहार्य मर्यादा सुचविली. मॉरिस हॉलस्टेड यांनी १९७७ मध्ये क्रियाचिन्हे (ऑपरेटर) व ती ज्यांवर चालतात ती पदे (ऑपरंड) यांच्या संख्येवर आधारित मापने मांडली. अलीकडील बोधात्मक जटिलतेच्या मापनात अटीच्या पोटात अट आल्यास अधिक भार धरला जातो, कारण वाचकाचा गोंधळ तेथेच होतो.

उदाहरण :
बार्शीटाकळी तालुक्यातील शेतकऱ्याचा कापूस हमीभावाने खरेदी होताना धाग्याची लांबी (मध्यम किंवा लांब) व आर्द्रता पाहिली जाते. आर्द्रता ८ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण दर, ८ ते १२ टक्के असल्यास वजावट आणि १२ टक्क्यांवर खरेदी नाही, असा नियम गृहीत धरून एक काल्पनिक आज्ञावली पाहू.

तिच्या पहिल्या आवृत्तीत प्रथम धाग्याचा प्रकार तपासला आहे. नंतर दोन्ही प्रकारांखाली १२ व ८ टक्क्यांच्या अटी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. निर्णय १ + २ + २ = ५, म्हणून जटिलता ६. ही संख्या मर्यादेत आहे. तथापि धोका पुनरावृत्तीत आहे. उद्या आर्द्रतेची मर्यादा बदलली आणि दुरुस्ती एकाच जागी झाली, तर लांब धाग्याचा कापूस स्वीकारला जाईल व तेवढ्याच आर्द्रतेचा मध्यम धाग्याचा कापूस परत पाठविला जाईल. चुकीची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागेल.

पुनर्रचनेच्या पायऱ्या :
विल्यम ऑपडाइक यांचा १९९२ चा प्रबंध व मार्टिन फाऊलर यांचा १९९९ चा ग्रंथ यांमुळे पुनर्रचनेस शास्त्रीय स्वरूप आले. बाह्य वर्तन न बदलता अंतर्गत रचना सुधारणे, हे तिचे मूलतत्त्व होय.

१. प्रथम चाचण्या लिहाव्यात. ८, ८.१, १२ व १२.१ टक्के ही चार मूल्ये दोन्ही प्रकारांसाठी घेतल्यास आठ चाचण्या होतात.
२. ‘८’ व ‘१२’ या अंकांना ‘पूर्णदर मर्यादा’ व ‘स्वीकार मर्यादा’ अशी नावे द्यावीत.
३. ‘दर निवडा’ व ‘वजावट काढा’ ही फंक्शन्स वेगळी करावीत.
४. मुख्य फंक्शनमध्ये १२ टक्क्यांवरील कापूस आरंभीच नाकारावा, म्हणजे अटींचे थर राहत नाहीत.
५. प्रत्येक पायरीनंतर आठही चाचण्या पुन्हा चालवाव्यात.

आता तिन्ही फंक्शन्समध्ये प्रत्येकी एकच निर्णय उरतो व प्रत्येकाची जटिलता २ होते. एकूण निर्णय पाचावरून तीनवर येतात. येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, केवळ तुकडे केल्याने निर्णय कमी होत नाहीत. पुनरावृत्ती काढल्याने ते कमी झाले.

मर्यादा :
चक्रीय जटिलतेस नावांचा अर्थ कळत नाही. ‘क’ व ‘ख’ अशी नावे दिली तरी संख्या तीच राहते. म्हणून मापन हे सहकाऱ्याने केलेल्या वाचनास पर्याय ठरत नाही.

निष्कर्ष :
मापनामुळे आज्ञावलीत कोठे लक्ष द्यावे हे कळते. काय बदलावे हे मात्र वाचकालाच ठरवावे लागते. नियम एकाच जागी, अर्थपूर्ण नावाने व चाचणीसह लिहिलेला असेल, तरच तो बदलणे सुरक्षित ठरते. पदवी स्तरावरील प्रात्यक्षिकांत अचूक उत्तराबरोबरच या बाबींचेही मूल्यमापन होणे आवश्यक आहे.