वगाची थट्टा वगातूनच: ‘विच्छा माझी पुरी करा’

वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ साली रंगभूमीवर आले आणि त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. ‘छपरी पलंगाचा वग’ हे त्याचे मूळ नाव. त्यात हवालदार झालेले दादा कोंडके मुंबईत नायगावच्या चाळीत वाढले, पण त्यांच्या घराण्याचे गाव भोर संस्थानातले इंगवली. तमाशासारख्या जुन्या कलाप्रकाराचे विडंबन कशाच्या बळावर उभे राहते आणि कुठे लंगडते, हे समजून घ्यायला मराठीत यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण.

विडंबनाला आधी एक ठरलेला साचा लागतो. तमाशाचा साचा असा: आधी गण, मग गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग. वगात राजा असतो, प्रधान असतो, कारस्थान असते आणि मधल्या मोकळ्या जागा सोंगाड्या भरून काढतो. भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यात हा क्रम कुणाला शिकवावा लागत नव्हता. जत्रेत रात्री देवाचा छबिना, मग पहाटेपर्यंत तमाशा, दुसऱ्या दिवशी तमाशा कलावंतांची हजेरी आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा, असे वर्षातले दोन दिवस गावाला बांधून दिलेले असत. याच मुलखातली माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांच्यासाठी लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत. ‘विच्छा’ला तयार प्रेक्षक मिळाला तो असा. थट्टा कशाची चालली आहे, हे त्याला पडदा उघडण्याआधीच ठाऊक होते.

सबनीसांनी साचा मोडला नाही, तो जसाच्या तसा ठेवला. राज्याचा कोतवाल मरतो. त्या जागेवर हवालदाराचा हक्क असतो, पण प्रधान आपल्या मेहुण्याला कोतवाल करतो. मग हवालदार नर्तकी मैनावतीच्या मदतीने डाव टाकतो. ती नव्या कोतवालाकडे चक्क राजाचा छपरी पलंग मागते आणि तिच्यापुढे पाघळलेला कोतवाल तो चोरायला निघतो. राजवाड्यातला पलंग उचलणे हे जुन्या वगातल्या शौर्याचे उलटे रूप आहे, तरी प्रसंग रचला जातो तो अस्सल वगाच्याच शिस्तीने. वशिल्याने नोकरी लागणे, लायक माणसाची बढती अडणे, हे १९६५ च्या कचेऱ्यांमधले रोजचे दुखणे राजा-प्रधानाच्या पोशाखात समोर आले. नाव घेऊन टीका करण्यापेक्षा ते जास्त झोंबले.

दुसरे बळ सोंगाड्याच्या मोकळीकीत होते. हवालदार कथेतही असे आणि कथेबाहेरही. तो प्रेक्षकांशी थेट बोले आणि ताज्या राजकारणावर टिप्पणी करी. ही मुभा कोंडके यांनी शोधलेली नाही, ती तमाशाचीच देणगी. सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेल्या कोंडके यांनी ती पुरेपूर वापरली, एवढे खरे. हे लोकनाट्य पाहूनच आशा भोसले यांनी त्यांचे नाव भालजी पेंढारकरांना सुचवले आणि ‘तांबडी माती’तून ते १९६९ मध्ये पडद्यावर आले. १९७१ च्या ‘सोंगाड्या’ या त्यांच्या चित्रपटाचे लेखनही सबनीसांचेच.

नेमक्या याच मोकळीकीत उणिवेचे बीज होते. भर घालत जाणारा नट प्रयोग लांबवतो. मूळ कथा तेवढ्यापुरती थांबते, आणि कालच्या बातमीवरचा विनोद वर्षभरात शिळा होतो. नुसती संहिता वाचली तर ती बारीक वाटते, कारण निम्मी मजा नटाच्या फेकीत असते. विजय कदमांनी पुढे हाच हवालदार गाजवला आणि हिंदी रंगभूमीने ‘सैंया भये कोतवाल’ म्हणून हे लोकनाट्य आपलेसे केले, म्हणजे सांगाडा भक्कम आहे यात शंका नाही. तरीही कुठलाही प्रयोग सर्वप्रथम हवालदार कोण, यावरच तोलला जातो.

मैनावतीची बाजू तर उपेक्षितच राहिली. कथेची किल्ली तिच्या हातात, पण हशा आणि टाळ्या हवालदाराच्या. तमाशात स्त्री म्हणजे मोहात पाडणारी, हा संकेत थट्टेच्या तडाख्यातून सहीसलामत सुटतो. राजाची, प्रधानाची, कोतवालाची खिल्ली उडवणाऱ्या लेखणीने हा संकेतही उलटा करून पाहायला हवा होता. पुढे कोंडके यांच्या चित्रपटांत द्व्यर्थी संवादांचे प्रमाण वाढत गेले, तेव्हा ही उणीव अधिकच उघडी पडली.

साचा जसाच्या तसा ठेवून त्याचीच थट्टा करण्याचा हा खेळ जपानी ॲनिमेत, म्हणजे तिथल्या ॲनिमेशन मालिकांतही दिसतो. तिथे जादूगार मुलींच्या मालिकांची परंपरा १९६६ च्या ‘सॅली’पासून चालत आली आणि १९९२ च्या ‘सेलर मून’ने ती जगभर नेली. साधी शाळकरी मुलगी, तिला शक्ती देणारा बोलका प्राणी, झगमगाटात होणारे रूपांतर आणि प्रेमाच्या बळावर दुष्टाचा पाडाव, हे तिचे ठरलेले टप्पे. २०१५ च्या ‘क्यूट हाय अर्थ डिफेन्स क्लब लव्ह!’ या विडंबनात मुलींच्या जागी शाळेतले पाच आळशी मुलगे येतात आणि एक गुलाबी वॉम्बॅट त्यांना शक्ती देतो. त्यांच्या झालरींच्या पोशाखातले रूपांतर मूळ मालिकांइतक्याच निगुतीने चितारलेले आहे. तो देखावा हसवतो तो या निगुतीमुळेच. मात्र मुलींच्या जागी मुलगे हा विनोद एकदा कळला की त्याची धार उतरते, आणि भागामागून भाग तोच क्रम आल्यावर मालिकेला पात्रांच्या आपसातल्या गप्पांवर भागवावे लागते.

‘विच्छा’ला ही अडचण कमी जाणवते, कारण तिथे साच्यापलीकडची स्वतःची गोष्ट आहे. तमाशा कधीच न पाहिलेल्या माणसालाही हवालदाराची बढती आपलीशी वाटते आणि कोतवाल पलंगासकट सापडतो की नाही, याची उत्सुकता लागते. गण-गवळणीतली थट्टा मात्र अशा प्रेक्षकाच्या हातून निसटते. जत्रेतल्या तमाशाची सवय जसजशी तुटते आहे, तसतसा या लोकनाट्याचा पूर्वार्ध फिका पडत चालला आहे. वगाचा भाग अजूनही तेवढाच रंगतो.