पहिली कथा : घरची बोली आणि छापील पान

आमच्या कथालेखन कार्यशाळेत पहिल्याच तासाला एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, आमची भाषा शुद्ध नाही. आमची कथा पुण्या-मुंबईकडे कोण छापणार?’ बेळगाव-खानापूरकडच्या मुलांचा हा प्रश्न तीस वर्षांपूर्वी माझाही होता. म्हणून उपदेश न करता माझ्या पहिल्या कथेची हकिकतच सांगतो.

माझे वडील शहापुरात मागावर बसत. मंदीच्या एका वर्षी त्यांनी माग विकायला काढला. त्यावर मी कथा लिहिली. आमच्या घरात ‘काय करूलालास?’ असे विचारले जाई. कथेतले वडील मात्र ‘तू काय करीत आहेस?’ असे विचारत होते. कथा वाचून दाखवली तेव्हा वडील म्हणाले, ‘ह्यो कोण पाव्हणा? आपल्या घरात कधी आला?’

मी हसण्यावारी नेले आणि कथा तशीच पाठवली. ती परत आली. सोबतच्या चिठ्ठीचा आशय असा होता, की प्रसंग खरा वाटतो, माणसे वाटत नाहीत. वडिलांनी हेच सांगितले होते. मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. निवेदनासकट सगळी कथा बोलीत लिहिली, ओळीओळीला कानडी शब्द पेरले. तीही परत आली. तिसरा खर्डा छापला गेला, पण तो वडिलांना वाचून दाखवता आला नाही. त्याआधीच ते गेले.

या तीन खर्ड्यांतून मला जे कळले ते असे.

निवेदनाची भाषा कथा कोण सांगतो यावर ठरते. माझ्या कथेत शिकून शिक्षक झालेला मुलगा बोलतो. त्याचे निवेदन साध्या प्रमाण मराठीत आणि वडिलांचे बोलणे घरच्या बोलीत, हेच स्वाभाविक होते. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मध्ये लंपन हा मुलगाच कथा सांगतो, म्हणून तिथे निवेदनालाही त्याच्या बोलण्याचा, कानडी शेजाराचा वास आहे. बोली घालायची की नाही, हा प्रश्नच चुकीचा. बोलतो कोण, हे विचारावे.

दुसरे म्हणजे अनोळखी शब्दाचा अर्थ कंसात देऊ नये. तो कृतीतून कळू द्यावा. ‘आईने कांड्या भरल्या’ एवढेच लिहिले तर विणकाम न पाहिलेला वाचक अडतो. ‘आई चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरी, त्या संपल्या की वडिलांचा माग थांबे’ असे लिहिले की शब्द कळतो आणि त्या घरात कोणाचे काम कोणावर अवलंबून आहे, तेही कळते.

आता छापण्याविषयी. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला. तेव्हापासून रुजलेली ही परंपरा आजही कथेचे मोठे दार आहे. मात्र हे दार दिवाळीत उघडत नाही. अंकांची जुळणी पावसाळ्यात होते, म्हणून कथा उन्हाळ्यात पूर्ण करून आषाढाच्या आत पाठवावी. अंक आधी वाचावा, शब्दमर्यादा पाळावी, एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवावी आणि प्रत स्वतःकडे ठेवावी. तोवर स्थानिक दैनिकांच्या रविवार पुरवण्या, वाचनालयांच्या स्पर्धा आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांची साहित्य संमेलने यांना कमी लेखू नये. आपली बोली ओळखणारा पहिला वाचक तिथेच भेटतो.

पुस्तकाच्या बाबतीत मी फसलो. एका प्रकाशकाने छपाईचा खर्च मागितला. मी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून दिले. पुस्तके निघाली, पण विक्री कोणी करायची, हे कुठेच लिहिलेले नव्हते. गठ्ठे माझ्याच माळ्यावर आले. स्वखर्चाने पुस्तक काढणे गैर नाही. करार न करता काढणे गैर आहे. निदान एवढे माहीत असावे : कथा लिहून झाली की १९५७च्या कायद्याप्रमाणे तिचा स्वामित्वहक्क लेखकाचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर कशाचे, ते विचारावे.

शिक्षकमित्रांना एक विनंती आहे. या सुट्टीत विद्यार्थ्यांना विषय देऊ नका. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाचे पंधरा मिनिटांचे बोलणे जसेच्या तसे उतरवून आणायला सांगा. मग त्याच माणसाला ते वाचून दाखवायला लावा. ‘हे मी बोललोच नाही’ असे तो म्हणाला, तर कुठे चुकले ते विचारून घ्यायला सांगा. माझ्या वडिलांना मी तेवढे विचारले असते, तर दोन खर्डे वाचले असते.