कंपनीचं नाव मोठं, म्हणून गेमचे पैसे आधीच भरायचे का?

"अब्बू, मोठी कंपनी आहे, गेम भारीच असणार!" असं म्हणून मुलं गेम बाजारात येण्याआधीच पैसे भरायला लावतात. याला 'प्री-ऑर्डर' म्हणतात. पण नाव मोठं म्हणजे माल चांगलाच, असं नसतं.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचंच बघा. २०१५ च्या 'द विचर ३' मुळे या कंपनीचं जगभर कौतुक झालं. त्या भरवशावर 'सायबरपंक २०७७' साठी सुमारे ८० लाख प्री-ऑर्डर आल्या. तारीख अनेकदा पुढे ढकलून १० डिसेंबर २०२० ला गेम आला. प्लेस्टेशन ४ वर तो अडकायचा, मध्येच बंद पडायचा. हे आधी कळलं नाही, कारण परीक्षणासाठी कंपनीने फक्त कॉम्प्युटरवरचा गेम दिला होता. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला आणि पैसे परत देऊ केले.

पुढे गेम बराच सुधारला. म्हणजे थांबले त्यांचाच फायदा झाला.

म्हणून गेम आल्यावर दोन आठवडे थांबा. तुमच्या घरच्या मशीनवर तो कसा चालतो, याचे व्हिडिओ मुलांसोबत बघा. वयाची अटही वाचा. हा गेम १८ वर्षांवरील लोकांसाठीच आहे.