जुलाब थांबले, तरी धोका टळतोच असे नाही

अँटिबायोटिक घेताना पोट बिघडणे नवे नाही. बहुतेकदा औषध संपले की पोटही ताळ्यावर येते. काहींच्या बाबतीत मात्र ‘सी-डिफ’, म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल, हा जंतू डोके वर काढतो. १९३५ मध्ये तो नवजात बाळांच्या शौचात सापडला. अँटिबायोटिकनंतर मोठ्या आतड्याला येणाऱ्या सुजेमागे तोच आहे, हे १९७८ मध्ये उलगडले.

एरवी आतड्यातले नेहमीचे जिवाणू त्याला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने ते मेले की सी-डिफचे बीजाणू रुजतात आणि जंतू दोन विषे सोडतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी विस्कटतात, सूज येते, पाणी पाझरते. म्हणून पातळ जुलाब, कळा आणि ताप.

पण सूज इतकी वाढली की आतड्याची हालचालच थंडावली, तर शौचाला होतच नाही. पोट फुगते, दुखते आणि विष आतच साचते. जुलाब थांबले म्हणून घरचे निश्चिंत होतात, पण रुग्ण खरा धोक्यात असतो तो तेव्हाच.

कधी पहिली खूण रक्तात दिसते. पांढऱ्या पेशी एकाएकी ३०,०००च्या वर जातात आणि कारण सापडत नाही. कधी अस्तरातून प्रथिने गळतात. मग पाय सुजतात, पोटात पाणी होते. क्वचित गुडघे-घोटे सुजतात, पण सांध्यात जंतू नसतो. ती शरीराच्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते. मोठे आतडे काढलेल्यांना हा आजार लहान आतड्यातही होऊ शकतो.

निरोगी माणसातही हा जंतू नांदत असल्याने प्रयोगशाळा एरवी पातळ शौचच तपासते. शौच होत नसेल तेव्हा गुदद्वारातून स्वॅब घेतात, सीटी स्कॅनवर आतड्याची जाड झालेली भिंत पाहतात. उपचारातले व्हॅन्कोमायसिन शिरेतून दिल्यास आतड्यात पुरेसे उतरत नाही, म्हणून ते तोंडाने देतात. आतडे थंडावले असेल तर एनिमानेही देतात आणि जोडीला शिरेतून मेट्रोनिडाझोल. तरीही प्रकृती ढासळली, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

आधी घेतलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या संपल्यावर दोन-तीन महिन्यांनीही हा त्रास उद्भवू शकतो. म्हणून पोट फुगले, ताप आला, तर दातदुखीसाठी घेतलेल्या अँटिबायोटिकचाही डॉक्टरांकडे उल्लेख करा. जुलाब बंद करणारी गोळी मनाने घेऊ नका. घरात असा रुग्ण असेल तर साबण-पाण्यानेच हात धुवा. सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत.